विमानतळाच्या हवामानलिपीचे वाचन

उलवे आणि पनवेल यांच्या दरम्यान, जेथे पूर्वी टेकडी होती, खाजण होते आणि उलवे नदीचा मूळ प्रवाह होता, त्या भूमीवर २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली आणि व्हीएएनएम ही नवी मुंबई विमानतळाची चार सांकेतिक अक्षरे वैमानिकांच्या नित्य व्यवहारात आली. सांताक्रूझची व्हीएबीबी, पुण्याची व्हीएपीओ, नागपूरची व्हीएएनपी ही त्यांची वडीलधारी भावंडे. मोठ्या विमानतळावरून दर अर्ध्या तासाने, लहानावरून दर तासाने, अक्षरे आणि अंक यांची एक आखूड ओळ निघते. तिला वैमानिक 'मेटार' म्हणतात. पुढील काही तासांत तेथील आकाश कसे राहील याचा अंदाज सांगणारी दुसरी, किंचित लांब ओळ म्हणजे 'टॅफ'. वैमानिकाच्या परवान्याची तयारी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही लिपी शिकावी लागते, आणि ती कशी शिकावी, कितपत शिकावी, संगणकाच्या या काळात ती मुळात शिकावीच का, याविषयी मतभेद आहेत. त्या सर्व प्रश्नांचा येथे आढावा घ्यावयाचा आहे. माझे स्वतःचे मत प्रारंभीच नोंदवून ठेवतो: अक्षरांचे अर्थ पाठ होण्यास आठवडा पुरतो, परंतु त्या ओळीतून एखाद्या स्थळाचे आकाश डोळ्यांपुढे उभे करावयाचे तर त्या स्थळाचा भूगोल, त्याचे ऋतुमान आणि ती ओळ लिहिणाऱ्याच्या मर्यादा यांचे ज्ञान असावे लागते, आणि आपल्याकडील शिक्षणात नेमका हाच भाग दुर्बळ राहिला आहे.

हवामानाच्या नोंदीची परंपरा आपल्या या किनाऱ्यावर जुनी आहे. १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्त्याची दाणादाण उडवली, पाठोपाठ १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला, आणि त्या आपत्तींच्या परिणामी १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. परंतु कुलाब्याची वेधशाळा त्याच्याही आधीची, १८२६ ची. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले तेव्हा त्या विजेमुळे चुंबकसूचीच्या नोंदी बिघडतील हे ओळखून, वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत, १९०४ मध्ये चुंबकीय निरीक्षणे अलिबागेस हलविण्यात आली. खात्याचे मुख्य दप्तर १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले, आणि शिवाजीनगरच्या त्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर अद्यापि 'सिमला ऑफिस' म्हणतात. त्याच १९२८ साली जुहूचा विमानतळ सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन याच जुहूस उतरले. आणि पावसाळ्यात जुहूचा तळ पाण्याखाली जाई म्हणून त्या दिवसांत ही टपालसेवा पुण्याहून चालवावी लागे. पावसाने विमानाचा मुक्काम हलविल्याचा आपल्या प्रांतातील हा आरंभीचाच दाखला होय.

हवामानाचे वृत्त त्या काळी तारेने जाई, आणि तारेला प्रत्येक शब्दाचे मोल पडे. शिवाय कराचीचा निरीक्षक, रोमचा वैमानिक आणि सिंगापूरचा अधिकारी यांची भाषा एक नव्हती. या दोन गरजांतून, काटकसर आणि सार्वत्रिकता यांतून, सांकेतिक लिपी जन्मली. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना आणि जागतिक हवामान संघटना यांनी मिळून तिला शिस्त लावली, आणि १ जानेवारी १९६८ पासून मेटारचे रूप आंतरराष्ट्रीय व्यवहारात आले. अमेरिकेने आपली निराळी पद्धत सोडून ते स्वीकारण्यास १९९६ साल उजाडले.

आता एक ओळ प्रत्यक्ष वाचून पाहू. पुढील नमुना मी जुलै महिन्यातील मुंबईच्या प्रकृतीस धरून रचला आहे: 'व्हीएबीबी १५०५४०झेड २५०१६जी२८केटी १५०० +आरए एससीटी००८ बीकेएन०१५ एफईडब्ल्यू०२५सीबी २६/२५ क्यू१००३ टेम्पो ०८०० +टीएसआरए'. स्थळ मुंबई. दिवस पंधरावा, वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार पाच वाजून चाळीस मिनिटे, म्हणजे आपले सकाळचे अकरा दहा. साडेपाच तासांची ही मिळवणी क्षुल्लक वाटते, परंतु रात्रीच्या वेळी ती तारीखही बदलते: १५ तारखेचे २०३० म्हणजे आपल्याकडे १६ तारखेच्या उत्तररात्रीचे दोन. पुढे वारा २५० अंशांवरून, म्हणजे नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, सोळा नॉट, झोत अठ्ठावीस नॉटपर्यंत, दृश्यमानता दीड किलोमीटर, जोराचा पाऊस, ८०० फुटांवर विखुरलेले ढग, १,५०० फुटांवर आकाशाचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापणारा थर, आणि २,५०० फुटांवर थोडे, परंतु क्युम्युलोनिम्बस जातीचे, म्हणजे गडगडाटी मेघ, तापमान २६, दवबिंदू २५, वायुदाब १००३, आणि पुढील दोन तासांत अधूनमधून मेघगर्जनेसह मुसळधार पाऊस पडून दृश्यमानता ८०० मीटरांवर येण्याचा संभव.

येथवर कोणताही होतकरू विद्यार्थी येतो. खरे वाचन यापुढे सुरू होते. सोळा नॉट हा आकडा दहा मिनिटांची सरासरी आहे. झोताची नोंद तो सरासरीहून किमान दहा नॉटांनी अधिक असेल तेव्हाच होते, म्हणून 'जी' नसणे याचा अर्थ वारा एकसंध वाहत आहे असा होत नाही. ढगांची उंची समुद्रसपाटीपासून मोजत नाहीत, त्या विमानतळाच्या भूमीपासून मोजतात. त्यामुळे पुण्याच्या मेटारमधील हजार फुटांचा ढग मुंबईच्या हजार फुटांच्या ढगापेक्षा बराच वर असतो, कारण लोहगावची भूमीच समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच आहे. घाटावरून कोकणात उतरणाऱ्या वैमानिकाला हे दोन आकडे एका मापाने मोजता येत नाहीत.

वाऱ्याच्या दिशेचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. मेटारमधील दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते. धावपट्टीचा क्रमांक आणि नियंत्रण कक्षातून उतरतेवेळी तोंडी सांगितलेला वारा हे मात्र चुंबकीय उत्तरेपासून. मुंबईत या दोन उत्तरांमधील अंतर एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे जुहूला शिकलेल्या विद्यार्थ्याला हा भेद कधी बोचतच नाही. तो परीक्षेपुरता पाठ करतो आणि विसरतो. तोच विद्यार्थी पुढील उड्डाणशिक्षणासाठी न्यूझीलंडला गेला की तेथे हा फरक वीस अंशांच्या आसपास निघतो आणि आडव्या वाऱ्याचे सारे गणित चुकते. भूचुंबकत्वाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था नवीन पनवेलमध्ये, आपल्या या नव्या विमानतळाच्या उंबरठ्यावर आहे, आणि अलिबागची वेधशाळा तिच्याच छत्राखाली चालते. वैमानिकीच्या विद्यार्थ्यांची एखादी सहल तिकडे नेली तर दोन उत्तरांचा हा विषय त्यांना जन्मभर पुरेल इतका स्पष्ट होईल.

तथापि या ओळीतील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत गंभीर गट कोणता, असे मला विचाराल तर मी वायुदाबाच्या गटाकडे बोट दाखवीन. उंचीदर्शक यंत्र वस्तुतः उंची मोजत नाही. ते हवेचा दाब मोजते आणि वैमानिकाने दिलेल्या मूळ आकड्याशी तुलना करून त्याची फुटांत मांडणी करते. उंचावरून येताना सर्वांनी १०१३ हा प्रमाण आकडा ठेवलेला असतो. खाली उतरताना तो बदलून त्या विमानतळाचा प्रत्यक्ष आकडा लावावा लागतो. हिवाळ्यात मुंबईचा दाब १०१३ च्या आगेमागे राहतो, त्यामुळे हा बदल लक्षातही येत नाही. ऐन पावसाळ्यात मात्र तो १००३ किंवा त्याहून खाली येतो. एका हेक्टोपास्कलला समुद्रसपाटीनजीक सुमारे सत्तावीस ते तीस फूट या हिशेबाने, दहा हेक्टोपास्कलची चूक राहिली तर यंत्र विमानाला प्रत्यक्षाहून जवळजवळ तीनशे फूट अधिक उंचीवर दाखवील. आणि हे ज्या दिवशी घडण्याचा संभव अधिक, त्याच दिवशी ढगांचा तळ ८०० फुटांवर असतो आणि खालची भूमी दिसत नसते. दक्षिणेला कर्नाळा आणि पूर्वेला प्रबळगड व माथेरान यांचे डोंगर उभे असलेल्या नवी मुंबईत तर हा गट तोंडपाठ म्हणून वाचून पुढे जाण्याजोगा नाही.

मेटार ही न्यायालयातील साक्षीदाराच्या जबानीसारखी आहे: अमुक जागी, अमुक वेळी, अमुक दिसले. टॅफ हा तज्ज्ञाचा अभिप्राय आहे. दोहोंचे मोल वेगळे, दोहोंची उलटतपासणी वेगळी, आणि साक्षीदार जेथे उभा होता त्यापलीकडचे त्याला विचारता येत नाही. या अखेरच्या मर्यादेचा मुंबईइतका भीषण पुरावा क्वचित कोठे मिळेल. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. तेथून वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याने अवघा ७३ मिलिमीटर. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. सांताक्रूझ ते नवी मुंबई विमानतळ हे अंतर सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरांच्या आसपास भरते. तेव्हा व्हीएबीबीची ओळ वाचून व्हीएएनएमच्या आकाशाविषयी निष्कर्ष काढणे किती धाडसाचे, हे वेगळे सांगावयास नको.

टॅफच्या वाचनात घोळ होतो तो मुख्यतः मुदतीच्या आणि संभाव्यतेच्या शब्दांत. '१५०६/१६१२' म्हणजे पंधरा तारखेच्या सहापासून सोळाच्या बारापर्यंत, एकूण तीस तास; आपल्या घड्याळात पंधराच्या सकाळी साडेअकरापासून दुसऱ्या दिवशी सायंकाळी साडेपाचपर्यंत. त्यात 'टेम्पो १५०८/१५१४' आले, तर दुपारी दीड ते सायंकाळी साडेसात या सहा तासांत वाईट हवेचे जे फेरे येतील त्यांतील प्रत्येक एका तासाहून कमी टिकेल आणि सर्व मिळून अर्ध्याहून कमी काळ व्यापतील, असा त्याचा बांधील अर्थ आहे. 'बिकमिंग' म्हणजे हवा बदलून त्याच स्थितीत स्थिरावणे. 'प्रॉब ३०' आणि 'प्रॉब ४०' म्हणजे शंभरात तीस वा चाळीस इतकी शक्यता. नवशिका टेम्पोला एकतर संपूर्ण सहा तासांचा पाऊस समजतो, किंवा 'तात्पुरते आहे, निघून जाईल' असे म्हणून सोडून देतो. दोन्ही वाचने सारखीच घातक, कारण किती इंधन जादा घ्यावयाचे हे या एका शब्दावर ठरते. टॅफ दर सहा तासांनी नव्याने निघते आणि अंदाज फसला तर मध्येच दुरुस्त होते. म्हणून जुनी टॅफ आणि ताजी मेटार शेजारी ठेवून, अभिप्राय आणि जबानी यांचा मेळ कोठे तुटला ते पाहणे, ही या अध्ययनातील सर्वोत्तम कसोटी होय. सकाळच्या टॅफने दुपारी चार हजार मीटर दृश्यमानता सांगितली असताना दुपारी एकची मेटार पंधराशे म्हणत असेल, तर संध्याकाळविषयी त्याच टॅफने जे सांगितले आहे त्यावरचा विश्वासही त्या प्रमाणात कमी करावा.

प्रत्येक गटाला ऋतूचा संदर्भ असतो. थंडीच्या सकाळी पनवेलच्या खोऱ्यात हवा अगदी स्थिर असते. डोंगराकडून मंद मतलई वारा, तापमान आणि दवबिंदू यांत एक-दोन अंशांचे अंतर, दृश्यमानता धुरक्याने दीड-दोन हजार मीटरांवर आलेली. दुपारच्या सुमारास खारा वारा आत शिरतो, दिशा पूर्वेकडून पश्चिम-वायव्येकडे वळते, आणि आठ-सव्वीस या धावपट्टीचे ज्या टोकाकडून उतरावयाचे ते टोकही बदलते. मे महिन्यात वळवाचे दिवस येतात. १३ मे २०२४ रोजी आलेल्या धुळीच्या वादळाने घाटकोपरचा तो मोठा फलक कोसळला आणि मुंबईची विमानेही काही काळ थांबली. जून ते सप्टेंबर पाऊस समुद्राकडून येतो, म्हणून कुलाबा आणि सांताक्रूझ यांना जे आधी कळते ते नवी मुंबईला काही वेळाने. ऑक्टोबरात हा क्रम उलटतो: परतीच्या पावसाचे मेघ दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर चढतात आणि वरच्या पूर्वेकडील वाऱ्याबरोबर संध्याकाळी किनाऱ्याकडे सरकतात, तेव्हा सांताक्रूझसाठी नवी मुंबईची ओळ ही आगाऊ सूचना ठरते, आणि नवी मुंबईसाठी पुण्याची. कोणत्या महिन्यात कोणत्या शेजाऱ्याला आधी विचारावयाचे, हे कोणत्याही संकेतकोशात छापलेले नाही. मला मात्र ते सबंध कोशाइतके महत्त्वाचे वाटते.

शेजारच्या विमानतळाविषयी आणखी एक भ्रम रूढ होण्याचा धोका आहे. मुंबई बंद पडली तर नवी मुंबई हाताशी आहेच, असे आता सहज बोलले जाते. धावपट्टीवर विमान अडकून ती बंद झाली असेल तर ते खरेच आहे: १ जुलै २०१९ च्या रात्री धुवाधार पावसात एक प्रवासी विमान सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीपलीकडे जाऊन रुतले आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली, तेव्हा असा शेजारी असता तर मोठी सोय झाली असती. परंतु हवेमुळे मुंबई बंद पडते त्या दिवशी मोसमी पावसाचा पट्टा पंचवीस किलोमीटरांत क्वचितच संपतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगत सरकले आणि मुंबईचा विमानतळ कित्येक तास बंद ठेवावा लागला. तसल्या दिवशी पर्याय शोधावयाचा तो अहमदाबाद, हैदराबाद किंवा नागपूर यांच्या ओळींत.

शिकवणीची स्थिती काय आहे? महाराष्ट्रात जुहू आणि धुळे, बारामती, गोंदियाजवळील बिरसी, नागपूर येथे उड्डाणशिक्षण चालत आले आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षेत हवामानशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, आणि त्याचे प्रश्न चार पर्यायांतून एक निवडण्याचे. त्या पद्धतीत संकेताचा अर्थ विचारणे सोपे आणि ओळीचा अन्वय विचारणे कठीण, त्यामुळे खाजगी वर्गही स्वाभाविकपणे संकेत घोकून घेतात. विद्यार्थ्यांचा दोष त्यात थोडा. माझ्या मते पहिला धडा डोळ्यांनी व्हावा. विमानतळावरील निरीक्षकाजवळ दृश्यमानतेच्या खुणांचा नकाशा असतो: कोणती इमारत, कोणते शिखर किती अंतरावर. उलव्याच्या किंवा पनवेलच्या विद्यार्थ्यानेही स्वतःचा असा नकाशा करावा. बेलापूरच्या अंगाला पारसिकची टेकडी, दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका. विमानतळापासून पारसिक सहा-एक किलोमीटर, कर्नाळा बारा-तेरा. सुळका झाकला आणि टेकडी दिसते आहे, तर दृश्यमानता साधारण किती, हे आधी स्वतः वहीत लिहावे आणि मगच मेटार उघडावी. ढगांचेही तसेच: आकाशाचे आठ भाग कल्पून किती झाकले ते ठरवावे. एक-दोन म्हणजे 'फ्यू', तीन-चार म्हणजे 'स्कॅटर्ड', पाच ते सात 'ब्रोकन', आठही 'ओव्हरकास्ट'. चारावरून पाचावर जाणे हा कागदावर एका आठव्या भागाचा फरक; परंतु पाचाला छत मानतात आणि चाराला मानीत नाहीत.

ही लिपी रद्द करून साध्या भाषेत वृत्त द्यावे, हा पक्षही ऐकण्याजोगा आहे. तारेची काटकसर आज कोणाला करावयाची नाही. नोव्हेंबर २०२० पासून हीच माहिती संगणकाला समजेल अशा विस्तृत मांडणीत, आयडब्ल्यूएक्सएक्सएम या नावाने, देशोदेशी धाडण्याचे बंधन आले आहे. हवामान खात्याची ऑनलाइन ब्रीफिंग व्यवस्था आहे, आणि संकेताचे सरळ वाक्य करून देणारी साधने प्रत्येकाच्या खिशात आहेत. धावपट्टीवरील दृश्यमानता मोजण्यास बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत घडलेले 'दृष्टी' हे स्वदेशी यंत्र लागले आहे, म्हणजे पुष्कळशी जबानीही आता यंत्राचीच. या पक्षाचे म्हणणे प्रवाशांपुरते आणि अधिकाऱ्यांच्या कामकाजापुरते मला मान्य आहे. वैमानिकाच्या बाबतीत मात्र मी जुन्या लिपीच्या बाजूने उभा आहे, आणि त्याचे कारण परंपरेचा अभिमान हे नव्हे. संकेताची ओळ आखूड असल्यामुळे पाच विमानतळांच्या सहा तासांच्या, तासाला एक अशा, ओळी एका पानावर एकाखाली एक मांडता येतात, आणि डोळा वरून खाली उतरला की तापमान व दवबिंदू जवळ येत चालले, वारा वळला, दाब घसरला, हे क्षणात दिसते. त्याच तीस ओळींची वाक्ये केली तर ती वाचण्यास पाच मिनिटे लागतील आणि प्रवृत्ती शब्दांत हरवून जाईल. शिवाय भाषांतर करणारे साधन 'टेम्पो'च्या जागी 'तात्पुरते' एवढेच लिहिते. त्यामागची एका तासाची आणि अर्ध्या मुदतीची अट ते गिळून टाकते.

नवी मुंबईपुरते बोलावयाचे तर येथे एक विशेष अडचण आहे. सांताक्रूझजवळ दशकानुदशकांचे दप्तर आहे. कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रहरी, कितीदा दृश्यमानता हजार मीटरांखाली गेली, हे त्यातून काढता येते. विमानतळाचे असे हवामान-कोष्टक करण्यास आंतरराष्ट्रीय नियम किमान पाच वर्षांच्या निरीक्षणांची अपेक्षा करतो, आणि नव्या विमानतळाच्या धावत्या व्यवहाराला तेवढा काळ लोटावयाचा आहे. तोवर अंदाज करणाऱ्यालाही सांताक्रूझच्या अनुभवाला पनवेलच्या डोंगरांचा आणि खाडीचा हिशेब जोडून चालावे लागेल. म्हणूनच व्हीएएनएमच्या प्रत्येक अर्ध्या तासाच्या ओळी, त्यांच्याबरोबर निघालेल्या टॅफ आणि विमानतळाला दिलेले वादळी हवेचे इशारे, हे सर्व तारीखवार जतन करून उड्डाणशाळांना आणि येथील महाविद्यालयांतील भूगोल-पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना विनासायास मिळेल अशी व्यवस्था हवामान खात्याने आताच करावी. पहिल्या पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या आणि त्यामागच्या ऑक्टोबरच्या ओळी जरी एका वहीत आल्या, तरी जुलैचा टेम्पो येथे प्रत्यक्षात किती वेळा खरा ठरतो आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी पूर्वेचा वारा पाऊस येण्याआधी किती मिनिटे कळतो, हे मोजण्यास आरंभ करता येईल.